ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उघडलेलं बॉनेट

मर्ल ओबरमायरला काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालंच तर मात्र तो त्याचं सोनं करी.

ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमधल्या एका लहान गावात तो जन्मला, तिथेच वाढला, आणि गावाबाहेरच्या पत्र्याच्या कारखान्यात तिशीहून जास्त वर्षं प्रेसवर उभा राहून निवृत्त झाला. मोटारींची दारं, टपं, मडगार्ड असलं सगळं त्याच्या हाताखालून गेलं. काम चोख. माणूस साधा. पण जीव कायम टांगणीला. घरातून निघताना शेगडी बंद आहे का ते तो दोनदा बघे, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की बायकोला विचारी, "डार्ला, तूही बघितलीस ना?"

"शेगडी बंद आहे, नळ बंद आहे," डार्ला म्हणे. "तुझं तोंड तेवढं चालू आहे."

डार्ला त्याच्या अगदी उलट. शाळेच्या खानावळीत वर्षानुवर्षं पोरांना वाढून तिचा आवाज खणखणीत झाला होता. चर्चमध्ये गायला उभी राहिली की शेवटच्या बाकापर्यंत तीच ऐकू यायची. मर्लला तर अलीकडे तीच एकटी ऐकू यायची, आणि तेही ती समोर असली तर.

कारण मर्लचे कान गेले होते. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. तरुणपणी मर्ल ते खिशात ठेवी. बोळे घातले की यंत्राचा सूर बिघडलेला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. यंत्राचा सूर राखता राखता स्वतःचेच कान बसले, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये लोक हसले की तोही हसे. हॉटेलात वाढणारी पोरगी काय काय सांगतेय ते न ऐकता नेहमीचंच मागवी. डार्लाशी बोलताना उलट तिच्यावरच ढकली: "तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." ती कुरकुर न करता पुन्हा सांगे, थोडं मोठ्याने. कधीकधी तिसऱ्यांदाही.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी मस्टँग घेतली होती. लाल, दोन दारांची, हाताने गिअर टाकायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे दाबले, आता एक आपली, असं म्हणून घेतलेली. ती तो कानाने चालवायचा. इंजिनाचा आवाज एका ठरावीक उंचीला पोचला की हात आपोआप गिअरवर जाई. मग एका दुपारी, शेतामधल्या सरळ रस्त्यावर, डार्लाने त्याच्या दंडावर चापट मारली.

"गिअर बदल की. केव्हापासून किंचाळतंय ते."

मर्लने इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टीच्या जवळ पोचला होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मुद्दाम करतोय," तो म्हणाला. "कधीतरी असं पळवावं लागतं इंजिन."

पुढच्याच आठवड्यात त्याने एक खोकं मागवलं. त्यात जाड चकचकीत नळी, शंकूसारखा मोठा फिल्टर आणि इंजिनाची धग अडवायला एक पत्रा होता. कंपनीने बसवलेला बंद डबा काढायचा आणि त्या जागी हे लावायचं, म्हणजे इंजिन बाहेरची थंड हवा मोकळेपणाने ओढतं. "ताकद वाढते," त्याने डार्लाला सांगितलं. खरं कारण दुकानदाराच्या एका वाक्यात होतं: हे लावलं की गाडी घुमते, साहेब, छातीत ऐकू येते. पण खोकं आलं तेव्हा थंडी पडली होती, आणि ते गॅरेजच्या फळीवरच पडून राहिलं.

हिवाळ्यातच डार्लाच्या गळ्यात गाठ सापडली.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात, इथून तासाभराच्या रस्त्यावर, फेल्टनर नावाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. त्या हळू आवाजात, बराचसा वेळ पडद्यावरच्या चित्राकडे तोंड करून बोलत होत्या. गाठीसकट गळ्यातली अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायची, तपासायला पाठवायची, इतकं मर्लला कळलं. पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आलं. "नस" आलं, "आवाज" आला, आणि थोड्या वेळाने "कायमचा" आला. मधलं काहीच आलं नाही. डार्ला मान हलवत होती, म्हणून त्यानेही हलवली.

गाडीत बसल्यावर विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे ऐकू आलं नाही हे कबूल करायचं. त्याने विचारलं नाही. त्यानंतरचे सगळे दिवस तो ते तीन शब्द मनात घोळवत होता: नस, आवाज, कायमचा. रात्री डार्ला शेजारी झोपलेली असली की तो तिच्या गळ्याकडे बघत राही. या घरात त्याला ऐकू येणारी एकच गोष्ट उरली होती, आणि तीच आता कापायला न्यायची होती.

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. रविवारी चर्चहून आल्यावर डार्लाने पिशवी भरायला घेतली. मर्ल तिच्या मागे मागे फिरत होता. चपला घेतल्यास का, चार्जर घेतलास का, विम्याचं कार्ड कुठे आहे.

"मर्ल," ती शेवटी म्हणाली, "गॅरेजमध्ये जा. काहीतरी कर. मला सुचू दे."

तो गॅरेजमध्ये गेला. हाताला काही काम नव्हतं. फळीवर खोकं दिसलं. दोन तासांचं काम, त्याने मनाशी म्हटलं. प्रेसचे साचे बदलणाऱ्या माणसाला दोन तास कसले, एकच. उद्या पहाटे हीच गाडी घेऊन जायचंय, डार्लाची गाडी मुलगी टॅमी कोलंबसला घेऊन गेलीय, घरात दुसरी गाडी नाही, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बॉनेट उघडलं. विकतचं दुखणं म्हणतात ते असंच येतं.

सुरुवातीला बरं वाटलं. बॅटरीची तार काढली, सेन्सरचा प्लग सोडवला, क्लॅम्प ढिले केले. जुनी नळी हलवून हलवून निघाली. तिला खालून इंजिनाकडे जाणारी एक काळी बारीक नळी जोडलेली होती, तिचा प्लास्टिकचा कोपरा घट्ट बसला होता. तो मर्लने जरा जोर लावून ओढला. निघाला. मग डबा निघाला, नवा पत्रा बसला, सेन्सरचे दोन स्क्रू काढून तो नव्या नळीत घातला, फिल्टर चढवला, काळा कोपरा नव्या नळीला दाबून बसवला, बॅटरीची तार जोडली. घामाने टोपी भिजली, पण तेवढा वेळ गळा, गाठ, नस काही आठवलं नाही.

मग किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि लगेच तिला उचकी लागल्यासारखं झालं. उभ्या गाडीत काटा वर जाई, खाली पडे, पुन्हा वर जाई. सीट पाठीखाली थरथरत होती. आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

त्याने गाडी बंद केली, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, सेन्सर काढून पुसून पुन्हा लावला. पुन्हा किल्ली. तीच उचकी, तोच दिवा. तिसऱ्यांदा तर गाडी आपणहून बंदच पडली.

एरवी अशा वेळी तो काय करायचा हे त्याला माहीत होतं. वाकून ऐकायचा. कुठून हवा गळत असली तर इंजिन सांगतं. आता तो वाकला, कान जवळ नेला. त्याला फक्त एक जाड गुंजारव ऐकू आला, दूरच्या कारखान्यासारखा. तो तर गाडी बंद असतानाही ऐकू यायचा.

ठीक आहे, त्याने ठरवलं, नसती उठाठेव झाली, जुनं होतं तसं लावून टाकू. एक स्क्रू निसटून खाली गेला, तो शोधण्यात बराच वेळ गेला. जुना डबा बसला, जुनी नळी बसली, काळा कोपरा जागेवर दाबला. सगळं होतं तसं. किल्ली फिरवली.

काटा वर गेला, खाली पडला. दिवा लागला.

जुनंच सगळं लावूनही गाडी तशीच, म्हणजे इंजिनच गेलं. तो स्क्रू आत पडला असेल. नाही, स्क्रू सापडला होता. मग दुसरा एखादा? बाहेर ऊन उतरलं होतं. पहाटे निघायचं होतं. शेजाऱ्यांकडे गाडी मागायची तर सांगायचं काय? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी खेळत बसलो होतो म्हणून? आणि उशीर झाला, तारीख पुढे गेली, गाठ तोवर वाढली तर? एकदा विचार सुटला की मर्लचा विचार उताराला लागलेल्या गाड्यासारखा जाई. त्या पाच मिनिटांत त्याचं डार्लाला पुरूनसुद्धा झालं होतं.

इंजिन तसंच गचके देत चालू होतं. डार्ला दारात येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिने गॅरेजचा दिवा चालू-बंद केला तेव्हा त्याने वर पाहिलं. चर्चचे कानातले अजून तिच्या कानात होते, अंगावर एप्रन. तिचे ओठ हलले.

"हो, आलोच," मर्ल म्हणाला. "हात धुतो. नूडल्स केल्यास ना?"

डार्ला तिथेच उभी राहिली. मग सावकाश पायऱ्या उतरून आली, गाडीत हात घालून तिने किल्ली बंद केली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली.

"मी काय म्हणाले?"

"जेवायला चल म्हणालीस."

"नाही."

मर्लने हातातला पाना पुसायला घेतला.

"मी म्हणाले, ही फुसफुस कसली येतेय," डार्ला म्हणाली. "एवढी मोठी फुसफुस, मर्ल. मला स्वयंपाकघरातून ऐकू आली."

पाना पुसून झाला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "मला नाही येत."

"काय नाही येत?"

"ऐकू. फुसफुस नाही, काहीच नाही. गाडी नाही, पाद्री नाही, टॅमी फोनवर काय म्हणते ते नाही. तू पाठ करून बोललीस तर तूही नाही." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दोन-तीन वर्षं झाली."

"पाच," डार्ला म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"वर्षानुवर्षं मी उगाच ओरडतेय का घरात? वाट बघत होते, कधी सांगशील म्हणून. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाजता येत नाही. तुझ्या आईनेच सांगितलं होतं मला, लग्नात."

"उद्या," मर्ल म्हणाला आणि मडगार्डवर टेकला. "उद्या ती डॉक्टरीण बाहेर येऊन सांगेल, आणि मला कळणारच नाही. तू आत असशील. मी नुसती मान हलवीन. त्या दिवशीही नुसतीच हलवली. तुझा आवाज कायमचा जाणार, एवढंच कळलं."

"कुणाचा जाणार?"

"तुझा. नस, आवाज, कायमचा. असं म्हणाली ती."

डार्लाने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू वितळला. ती त्याच्या अगदी समोर आली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा आपल्याकडे धरला आणि पोरांना वाढताना बोलायची तसं एकेक शब्द मोकळा करून म्हणाली, "ती म्हणाली, नस जवळ आहे. आवाज काही आठवडे बसेल. कायमचा जाणं क्वचित, शंभरात एखादीचा. ऐकलंस?"

"शंभरात एखादीचा."

"आणि इतके दिवस तू हे एकटाच घेऊन झोपतोयस."

"झोपत नाहीये," मर्ल म्हणाला.

ती हसली, पण डोळे पुसले. मग एप्रनला हात पुसून म्हणाली, "बरं, आता ती फुसफुस शोधायची कशी ते सांग. कान माझे, अक्कल तुझी."

मर्लने कोपऱ्यातून रबरी पाइपचा एक हातभर तुकडा काढला. एक टोक तिच्या कानाशी धरायचं, दुसरं इंजिनाच्या सांध्या-सांध्यावरून फिरवायचं. गाडी सुरू केली. ती वाकली तसा त्याने तिच्या एप्रनचा बंद मागून मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने पंखा दाखवला. "तिकडे हात नाही. बाही वर कर. नाही, तिकडे नाही म्हटलं ना."

"मर्ल, मी इंजिन ऐकू का तुला ऐकू?"

ती सावकाश पाइप फिरवत गेली. क्लॅम्पपाशी मान हलवली, नाही. डब्यापाशी नाही. मग त्या काळ्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला पाइप नेला आणि झटकन कान मागे घेतला. "इथे. साप बसलाय इथे."

मर्लने बोट घातलं. कोपऱ्याच्या पोटाशी, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटाच्या कातडीला बारीकशी ओढ लागली. त्याने बोट तिथे दाबून धरलं आणि काटा खाली येऊन थरथरत का होईना, जागेवर उभा राहिला.

तडा. जुनं, इंजिनाच्या धगीने कडक झालेलं प्लास्टिक. त्याने ओढलं तेव्हाच तडकलेलं. तोच कोपरा नव्या नळीला जोडला होता आणि तोच जुन्यालाही, म्हणून काहीही लावलं तरी दुखणं तेच. इंजिनाला काही झालं नव्हतं.

दुकानं बंद झाली होती. त्याने हीटरच्या जुन्या रबरी नळीचा उरलेला तुकडा शोधला, कोपरा कापून टाकला आणि त्या जागी तो तुकडा वाकवून दोन क्लॅम्पांनी आवळला. डार्ला टॉर्च धरून उभी. पिवळा दिवा विझावा म्हणून त्याने बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली. गाडी सुरू झाली. त्याने कान लावला नाही. तळवा मडगार्डवर ठेवला. खालून एकसारखी, शांत थरथर येत होती.

"नवं लावतोस का पुन्हा?" डार्लाने विचारलं.

"नको. आज नको. आता काही उघडत नाही."

आत नूडल्स गार झाल्या होत्या. तिकडच्या रीतीप्रमाणे बटाट्याच्या लगद्यावर घालून दोघांनी तशाच खाल्ल्या.

पहाटेच्या अंधारात ते निघाले. वाटभर मर्लची नजर इंजिनाच्या दिव्यावर होती. दिवा लागला नाही, पण लागेल या भीतीने त्याचा जबडा दुखायला लागला. गिअर बदलायची वेळ झाली की डार्ला त्याच्या मांडीवर बोट टेकवत होती.

तिला आत नेल्यावर तो बसायच्या खोलीत एकटाच राहिला. टॅमी दुपारपर्यंत येणार होती. टेबलामागे एक तरुण नर्स होती. मर्ल तिच्यापाशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा गेला. खिशातल्या किल्ल्या हातात गच्च धरल्या होत्या.

"बाई," तो म्हणाला, "मला कमी ऐकू येतं. म्हणजे, जवळजवळ येतच नाही. डॉक्टर बाहेर आल्या की त्यांना सांगाल का, माझ्यासमोर उभं राहून, मास्क काढून बोला म्हणून?"

परक्या माणसाला त्याने हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. नर्सने नुसती मान हलवली, समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं आणि बोटाने खूण केली: तिथे बसा, मी स्वतः येईन बोलवायला. एवढंच. त्याला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल.

फेल्टनरबाई आल्या त्या थेट त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि मास्क हनुवटीखाली घेतला. गाठ पूर्ण निघाली. दिसायला निरुपद्रवी वाटते, पण तपासणीचा निकाल यायचाय. नस शाबूत आहे. आवाज बसलेला असेल, जपावं लागेल.

"पुन्हा एकदा सांगता?" मर्ल म्हणाला.

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं.

निकाल चांगला आला. आवाज मात्र लवकर आला नाही. वसंतभर डार्ला कुजबुजण्यापलीकडे बोलू शकत नव्हती, आणि मर्लला कुजबुज ऐकू येत नव्हती. ती त्याला बोलवायची ती पातेल्यावर चमचा आपटून. टॅमी आली की हसून हसून वाकायची. "एकीला बोलता येत नाही, एकाला ऐकू येत नाही. तुमच्यासारखं सुखी जोडपं नाही गावात." पण तिनेच बापाला धरून कान तपासायला नेलं.

कानात यंत्रं आली. पहिले काही दिवस मर्ल वैतागला. कागदाच्या पिशव्या, ताटं, स्वतःचं चघळणं, सगळं अंगावर येई. रात्री फ्रिज गुरगुरला की तो उठून बघायला जाई. एकदा त्याने यंत्रं काढून खोक्यात टाकलीही. मग सकाळी स्वयंपाकघरात डार्ला पाठमोरी उभी राहून काहीतरी गुणगुणत होती, हवेपेक्षा जरा जाड असा, त्याच्यापर्यंत न पोचणारा आवाज, आणि तो नुसते तिचे हलणारे खांदे बघत होता. त्याने यंत्रं पुन्हा घातली.

मे महिन्यात त्याने ती नवी चकचकीत नळी बसवली. त्याआधी काळ्या कोपऱ्याच्या जागी नवा कोपरा आणला, आणि जपून म्हणून आणखी एक आणून ठेवला. डार्ला गळ्याला रुमाल बांधून अंगणातल्या खुर्चीवर बसली होती. प्रत्येक क्लॅम्प त्याने दोनदा तपासला, मग तिला उठवून पाइप कानाला लावायला लावला.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की? खालच्या बाजूला बघ."

"खाली बघितलं. वर बघितलं. चल आता."

शेतांमधल्या त्या सरळ रस्त्यावर त्याने गाडी पळवली. इंजिन खोल, घशातून घुमल्यासारखं घुमत होतं. आवाज चढत गेला, ठरावीक उंचीला पोचला, आणि मर्लचा हात गिअरवर गेला. डार्ला काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात यंत्रांनाही ते पकडता आलं नाही. त्याने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तिच्याकडे वळून विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हटलं, फार मोठ्या आवाजाची झालीय ही आता."

"काढू का नळी?"

डार्लाने जरा विचार केला. बाहेर मक्याचे बोटभर कोंब वर आले होते. "राहू दे," ती म्हणाली. "पण चर्चला जाताना सावकाश ने."

शरद ऋतूत ती पुन्हा गायला उभी राहिली. आवाज आला होता, पण एक पायरी खाली, आणि वरच्या पट्टीतल्या बायकांमधून तिला मागच्या रांगेत खालच्या पट्टीत जावं लागलं. तिला त्याचं वाईट वाटलं, ते तिने लपवलं नाही. मर्ल त्या रविवारी तिसऱ्या बाकावर बसला होता. सगळे आवाज एकदम येत होते, त्यातून तिचा वेगळा काढायला त्याला बराच वेळ लागला.